निसर्गाचा दाखला

साखरपुड्याची जेवणं आटोपून विड्याचं तबक फिरू लागलं, की मंडळींतला एखादा ज्येष्ठ हमखास निसर्गावर येतो. विषय निघालेला असतो मुलीच्या बदलीच्या नोकरीचा, नाहीतर दोघांनी वेगळं बिऱ्हाड करण्याचा. शेजारपाजारची उदाहरणं देऊन वाद मिटेनासा झाला, की काका घसा साफ करतात आणि म्हणतात, ‘‘अहो, निसर्गातच तसं आहे. नरानं मिळवायचं, मादीनं पिल्लं सांभाळायची.’’ यावर सगळे गप्प. काकांशी भांडता येतं, निसर्गाशी कोण भांडणार? तेवढ्यात पलीकडून आत्या विचारते, ‘‘आणि सिंहाचं काय हो? तिथं शिकार कोण करतं?’’ बहुतेक वेळा सिंहिणी करतात, हे काकांनाही टीव्हीमुळे ठाऊक असतं. पण मग आयाळवाल्याचा मान आधी जेवायचा, हेही ते लगेच सांगतात. सिंह दोघांचा एकच, दाखले मात्र दोन.

हा दाखला एकदा मुळात जाऊन तपासला पाहिजे. सुरुवात मोरापासून करू, कारण खुद्द डार्विनची झोप त्यानंच उडवली होती. १८५९ साली त्यांनी नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडला. जे जगायला उपयोगी ते टिकतं, असा त्याचा सरळ अर्थ. आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १८६० मध्ये, आसा ग्रे या अमेरिकेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगून टाकलं, की मोराचं पीस नुसतं दिसलं तरी आपल्याला मळमळतं. मळमळणारच. मीटर-दीड मीटर लांबीचा पिसारा मागे ओढत हिंडायचं, बिबट्या आला तर तो सावरत उडायचं, आणि पावसाळा सरला की सगळा झाडून टाकून पुढच्या वर्षी नव्यानं उगवायचा. यात जगण्याला उपयोगी काय आहे?

उत्तर त्यांना सापडलं आणि १८७१ च्या ग्रंथात त्यांनी ते सविस्तर मांडलं. उत्तर होतं लांडोर. तिला आवडतं, म्हणून. शतकानुशतकं लांडोरी ज्यांना पसंत करत आल्या, त्यांचीच पोरं मोर झाली. हे उत्तर त्या काळच्या अनेक सभ्य गृहस्थांना पचलं नाही. नर झुंजतात, जिंकतो त्याला मादी मिळते, इथपर्यंत त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण मादीला स्वतःची आवड असते आणि त्या आवडीपायी अख्ख्या जातीचं रूप पालटतं, हे जरा जास्तच झालं.

आपल्याकडे आवडीचा प्रश्नच नको म्हणून अश्रूंची सोय केलेली आहे. मोर रडतो, लांडोर ते अश्रू पिते आणि तिला दिवस जातात, असं सांगणारी सुशिक्षित माणसं आजही भेटतात. शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीला पहाटे जाऊन बसलं तर हा समज न्याहारीच्या आत दूर होतो. मोर आपापल्या ठरलेल्या जागी पिसारा उभारून थरथरवतात. लांडोरी या जागेवरून त्या जागेवर फिरतात, मध्येच दाणे टिपतात, एखाद्यापुढे जरा जास्त थांबतात. निवड झाली की मीलन इतर पक्ष्यांसारखंच होतं, नि तेवढ्यावर मोराचा त्या संसाराशी संबंध संपतो. अंडी उबवणं, पिल्लं हिंडवणं, सगळं तिचं.

आता लांडोर नेमकं बघते तरी काय? इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात सांगितलं, की पिसाऱ्यावरचे डोळे ज्याचे जास्त त्याची चलती. जपानमधल्या संशोधकांनी सात वर्षं मोजणी केली आणि २००८ साली जाहीर केलं, की डोळ्यांचा आणि यशाचा काही संबंध दिसत नाही. मग २०१३ साली अमेरिकेत लांडोरींच्या डोक्यावर छोटे कॅमेरे बसवून त्यांची नजर कुठे जाते ते पाहिलं. नजर बहुतेक पिसाऱ्याच्या खालच्या भागावर फिरत होती. मोराचं तोंड तर जवळजवळ कुणी पाहिलंच नाही, आणि बराचसा वेळ लांडोरी भलतीकडेच बघत होत्या. मोराला अर्थात यातलं काही कळवण्यात आलं नाही.

या सगळ्या नाचगाण्यामागचा हिशेब १९७२ साली रॉबर्ट ट्रिव्हर्स या जीवशास्त्रज्ञांनी स्वच्छ मांडला. पिल्लामागे ज्याची पदरमोड जास्त, तो जोडीदाराच्या बाबतीत चोखंदळ राहणार. ज्याची कमी, तो नाचणार, गाणार, रंग दाखवणार आणि आपल्यासारख्याच दुसऱ्याशी मारामारी करणार. या हिशेबात नर-मादी हे शब्द पाहिजेत असंही नाही, हे लक्षात ठेवावं. पुढे उपयोगी पडेल.

नराची पदरमोड पाहायची तर सुगरण पक्ष्याकडे यावं. बहिणाबाईंच्या खोप्यामुळे तो घराघरांत पोचलेला आहे. पावसाळ्याच्या तोंडाला नराचा माथा आणि छाती पिवळीधमक होते, गाल काळे पडतात. भाताच्या किंवा लांब गवताच्या पात्याच्या कडेला तो चोचीनं खाच पाडतो, ती कड घट्ट धरतो आणि सरळ उडतो. त्या हिसक्यानं पात्याचा लांबच लांब धागा सोलून निघतो. विहिरीवर ओणवलेल्या बाभळीच्या फांदीला, शिंदीच्या किंवा माडाच्या झावळीच्या टोकाला हा धागा गुंडाळून गाठ बसते. असे धागे एकावर एक चढत आधी एक उभं कडं होतं. मग कड्याच्या माथ्यावर छप्पर, आतमध्ये भिंतीला ओल्या मातीचे छोटे गोळे. एका घरट्यासाठी पाचशेपर्यंत खेपा होतात. आठेक दिवसांत खोपा अर्धा होतो आणि मधल्या आडव्या दांडीसकट शिरस्त्राणासारखा दिसू लागतो. इथं नर काम थांबवतो.

कारण आता माद्या बघायला येणार असतात. त्या आल्या की वसाहतीतले सगळे नर आपापल्या अर्ध्या खोप्याखाली उलटे लटकून पंख फडफडवतात आणि एकच कालवा करतात. मादी एका खोप्यात शिरते. आडव्या दांडीवर बसते. हा धागा ओढून बघ, तो खेचून बघ. नळाला पाणी किती वाजता येतं, एवढंच विचारायचं ती बाकी ठेवते. मग उडून शेजारच्या खोप्यात. अर्धा खोपा नापसंत ठरला तर तो तसाच लटकत राहतो आणि नर नवं कडं वळायला घेतो. पसंत पडला तर मात्र त्याला कामाचा उत्साह चढतो. अंड्यांची खोली बंद होते, खाली लांब नळी उतरते. मादी आतली बिछायत करून अंडी घालते, एकटीच उबवते. आणि हे गृहस्थ? ते हातभर अंतरावर दुसऱ्या खोप्याचं पहिलं कडं विणत असतात. दुसरीसाठी. जमलं तर पुढे तिसरीसाठी.

हा सगळा कारभार नीट समजला तो अलिबागजवळच्या किहीमला, आणि समजला एका बेकारीमुळे. पक्षितज्ज्ञ सालिम अली १९३० साली जर्मनीहून शिकून परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी रद्द झालेली. दुसरी मिळेना. ते पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमला येऊन राहिले, आणि तिथं सुगरणींची वसाहत जवळून न्याहाळायला त्यांना हवा तेवढा वेळ मिळाला. नोकरी गेलेला एक गृहस्थ, भल्या सकाळपासून घर बांधत सुटलेल्या दुसऱ्या एका गृहस्थाकडे डोळ्यांत तेल घालून बघतोय, हे दृश्य किहीमकरांना कसं वाटलं असेल कोण जाणे. पण त्या पाहण्यातून घर, पसंती आणि एकामागून एक संसार ही साखळी उलगडली. खोप्याबद्दलच्या पुढच्या संशोधनात आणखी एक गोष्ट कळली. मादी विणकामापेक्षा जागेला जास्त मान देते. खोपा उंचावर पाहिजे. विणकर कितीही कुशल असो, जागा चुकली तर सगळं फुकट. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये.

एवढं ऐकून काकांचा चेहरा खुलतो. तेव्हा त्यांना कमळपक्ष्याकडे न्यावं. भंडारा-गोंदियाकडचे कमळांचे तलाव, निफाडजवळचं नांदूर मध्यमेश्वर, अशा ठिकाणी शिंगाड्याच्या नि कमळाच्या पानांवरून लांब बोटं टाकत चालणारा, विणीच्या काळात लांबलचक शेपूट मिरवणारा हा देखणा पक्षी. यातली मादी नराहून मोठी. ती तरंगत्या घरट्यात चार तकतकीत तपकिरी अंडी घालते, नराच्या हवाली करते आणि दुसऱ्या नराकडे जाते. त्यालाही चार. एका हंगामात अशी दहापर्यंत घरटी होतात. नर जवळपास चार आठवडे अंड्यांवर बसतो. पाणी वाढलं किंवा धोका वाटला तर अंडी चोच आणि छातीच्या मध्ये धरून दुसऱ्या पानावर हलवतो. पिल्लं त्याच्याच मागे फिरतात, संकट आलं की त्याच्याच पंखाखाली शिरतात. आणि नरांवरून भांडणं? ती माद्यांची आपसांत चालतात. ट्रिव्हर्स यांचा हिशेब इथं जसाच्या तसा लागू पडतो, फक्त माणसं बदलली. उबवायला जो बसतो त्याच्यासाठी झुंज होते. मग तो कोणी का असेना.

इथं आत्या टाळ्या वाजवते. तिलाही थोडं थांबवायला हवं, कारण पुढचा पक्षी धनेश. सह्याद्रीतली, कोकणातली मोठी जुनी झाडं हे त्याचं घर. महाधनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आपल्याच विष्ठेनं लिंपून आतून बंद करते. उरते एक चिरीसारखी फट. आत तिची उडायची पिसं गळतात, म्हणजे बाहेर पडायचं म्हटलं तरी सोय नाही. पुढचे तीन-चार महिने नर त्या फटीतून तिला आणि नंतर पिल्लाला भरवतो. गळ्यात साठवून आणलेली वडा-उंबराची फळं एकेक करून वर काढतो नि चोचीच्या टोकानं आत देतो. ‘बाईनं घरात राहावं’ हा दाखला ज्यांना धनेशावरून काढायचा असेल त्यांनी जरूर काढावा. त्याच्या खालच्या ओळीत, दिवसभर उंबरं कोण वाहून आणतं, तेही लिहिलेलं आहे. वाटेत नर मेला तर ढोलीतल्या संसाराचं काय होतं, हेसुद्धा.

एकनिष्ठेचा विषय निघाला की पंचाईत जास्त होते. पक्ष्यांच्या शंभरातल्या नव्वद जाती जोडीनं संसार करतात, हे पुस्तकांत वर्षानुवर्षं कौतुकानं छापलं गेलं. मग डीएनए तपासायची सोय झाली. घरट्यातल्या पिल्लांचे बाप तपासले, तर घरकर्त्याव्यतिरिक्त शेजारचे बरेच निघाले. ऑस्ट्रेलियातल्या एका निळ्या चिमुकल्या पक्ष्यात, फेअरी-रेनमध्ये, बहुसंख्य पिल्लं शेजाऱ्यांची असतात आणि घरचा नर ती मनोभावे वाढवतो. शास्त्रज्ञांना ‘एकनिष्ठ’ या शब्दाच्या पुढे ‘सामाजिकदृष्ट्या’ असं एक सावध विशेषण जोडावं लागलं.

राहता राहिला सारस. महाराष्ट्रात तो आता गोंदिया-भंडाऱ्याकडच्या भातखाचरांत उरलाय, तोही मोजका. वाल्मीकींच्या शोकाला कारण झालेला क्रौंच तो हाच, असं काही अभ्यासक मानतात. गुजरातेत नवविवाहितांना सारसाची जोडी दाखवायची चाल होती. दोघं समोरासमोर वाकतात, उड्या मारतात, माना उंचावून एकसुरात साद घालतात. अशा आदर्श जोडप्याबद्दल २०२२ साली भारतातल्याच अभ्यासकांनी प्रसिद्ध केलं, की शंभरात एखाददुसऱ्या ठिकाणी सारसांचं त्रिकूट असतं. आणि तिघं मिळून तीन आवाजांत साद घालतात. ही त्रिकुटं मुख्यतः जिथं जागा निकस आहे, दोघांच्यानं पिल्लू वाढवणं अवघड आहे, तिथं दिसतात. म्हणजे स्वभावाचा प्रश्न कमी, परिस्थितीचा जास्त. शेत चांगलं असेल तर दोघांत भागतं. नसेल तर तिसरा हात लागतो.

इथंच खरं तर दाखल्याचा विषय मिटतो. सुगरणीला पिल्लांसाठी पावसात मुबलक किडे आणि धान्य मिळतं, एकटीला भागवता येतं, म्हणून नराला दुसरा खोपा विणायची मोकळीक आहे. धनेशाच्या ढोलीत तसं चालणार नाही. प्रत्येक संसाराची रीत ही अन्न किती, जागा कशी, शत्रू कोण यावर बेतलेली आहे. निसर्गाचं म्हणून काही मत नाहीच. त्याच्याकडे दाखला मागायला जाणारा माणूस आपलंच मत घेऊन जातो आणि त्याच्यावर शिक्का मारून परत येतो. आता हेच बघा. कोयनेजवळच्या हुंबर्ली गावापाशी पावसाळी रात्री कॅमेरा लावून बसलेल्या अभ्यासकांना ‘बॉम्बे नाइट फ्रॉग’ या बेडकाचं मीलन दिसलं. जगातल्या हजारो जातींच्या बेडकांत तोवर सहाच तऱ्हा माहीत होत्या, ही सातवी निघाली. यातला नर मादीला मिठी मारत नाही. नुसता तिच्या पाठीवर अलगद बसतो, हात बाजूच्या पानावर टेकवतो आणि अंडी यायच्या आत उतरून बाजूला होतो. शिवाय या जातीत मादीही साद घालते, जे बेडकांत विरळाच. याच्यावरून कुणाला काय शिकायचं असेल ते शिकावं.

आपण या पशुपक्ष्यांकडून दाखले आणतो, पण त्यांच्या सोयरिकीत आपण काय करून ठेवतो हे मात्र कुणी विचारत नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात एक सरडा दिसतो. एरवी मातकट, दगडात दगड होऊन बसणारा. विणीच्या दिवसांत नर एखाद्या उंच दगडावर चढतो, मागच्या पायांवर उभा राहिल्यासारखा ताठ होतो आणि गळ्याखालची घडी उलगडतो. निळा, काळा, शेंदरी असा पंखा क्षणभर उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. त्या रुक्ष पठारावर एवढा रंग दुसरीकडे कुठेच नसतो. २०१६ साली विज्ञानानं या जातीची स्वतंत्र नोंद केली.

त्याच पठारावर पवनचक्क्या आहेत. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी फिरकेनासे झाले, इतर भागाच्या मानानं जवळपास चौथाईवर आले. सरड्यांना वाटलं असेल, सुटलो. त्यांची संख्या वाढली, माणूस जवळ आला तरी ते पूर्वीइतके पळेनात. पण तोंडं वाढली आणि खाणं तेवढंच राहिलं. सरडे रोडावले आणि नरांच्या पंख्यांचे रंग फिके पडले. २०१८ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास. पातं फिरतं आकाशात, आणि रंग उतरतो खाली दगडावर बसलेल्या नवरदेवाचा. मधले दुवे इतके साधे आहेत, की ते आधी कुणाच्याच डोक्यात आले नाहीत.

काजव्यांची गोष्ट तर आपण स्वतः गाड्या भरभरून बिघडवतो. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, वळवाच्या सरी पडून गेल्या की भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत झाडंच्या झाडं लुकलुकायला लागतात. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ. हजारो नर एका तालात पेटतात, विझतात. हा सगळा उजेड म्हणजे स्थळं सुचवणं आहे. मादीला पसंत पडलं, तर तीही आपल्या उजेडानं उत्तर देते. त्या उत्तरासाठी त्यांच्याकडे वेळ फार थोडा असतो. अळीपणी गोगलगायी खाऊन महिनोन्महिने जमिनीलगत काढल्यावर पंख फुटलेल्या काजव्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. बऱ्याच जातींत तर तेवढ्या काळात फारसं खाणंपिणंही नसतं. सगळा दिवा यासाठीच.

आणि नेमक्या त्या पंधरवड्यात शनिवार-रविवारी आपण मोटारींची रांग घेऊन तिथं पोचतो. हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च, चहाच्या टपरीवरचे बल्ब. झाडावरच्या नराचं बोलणं मादीपर्यंत पोचायचं कसं? अमेरिकेतल्या एका जातीच्या काजव्याची मादी दुसऱ्या जातीच्या मादीसारखा प्रकाश दाखवून तिच्या नरांना बोलावते आणि खाऊन टाकते. आपण खात नाही, पण निकालात फारसा फरक नाही. वनखातं सूचना देतं, वेळा ठरवून देतं, गावकरी पोरं गाडीपुढे उभी राहून दिवे घालवायला लावतात. पाळणारे पाळतात.

एरवी दुसऱ्याच्या लग्नात आपण किती जपून वागतो. मुहूर्त टळू नये म्हणून धावपळ, कुणाचा मान राहून जाऊ नये अशी धडपड. इथं आहेर एवढाच द्यायचा आहे, की गाडी लांब लावून दिवे बंद करावेत आणि मोबाइल खिशात ठेवावा. त्यात आपलं नुकसानही नाही. मोबाइलमध्ये काजवा कधीच येत नाही. येतो तो काळा चौकोन, आणि मग घरच्या ग्रुपवर ‘नीट बघा, डाव्या कोपऱ्यात आहे’ असं दहा जणांना समजावत बसावं लागतं.